मूटाँ रॉथशिल्डची चित्रलेबलं: निवड, पारख आणि आपल्या हवेतलं जतन

फ्रान्समध्ये बोर्दोच्या उत्तरेला पॉयाक नावाचं गाव आहे. तिथल्या शॅटो मूटाँ रॉथशिल्ड या वाइन मळ्याच्या बाटलीवर १९४५ पासून दर सालाला (साल म्हणजे द्राक्षं काढल्याचं वर्ष) वेगळं चित्र येतं. दाली, हेन्री मूर, मिरो, शागाल, वॉरहॉल, फ्रान्सिस बेकन, हॉकनी अशी नावं या यादीत आहेत, आणि २००९ च्या लेबलावर मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूरचं काम आहे. चित्रकाराला मानधन पैशात मिळत नाही, वाइनच्या पेट्यांत मिळतं.

ही लेबलं जमवणाऱ्यांची खरी अडचण पैशाची नसून हवेची आहे. बूच सुकू नये म्हणून वाइनला दमट जागा लागते. तोच दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की लेबलाच्या कागदावर बुरशी धरते. कागद खूश राहील इतकी कोरडी हवा ठेवली तर काही वर्षांत बूच आक्रसतं. म्हणजे एकाच बाटलीचे दोन भाग दोन वेगळ्या हवा मागतात. म्हणून पहिली बाटली घेण्याआधीच ठरवून टाका: वाइन जमवायची, चित्र असलेली भरलेली बाटली जमवायची, की नुसतं लेबल?

आधी ठरवायच्या गोष्टी

वाइन जमवायची असेल तर चित्र विसरा आणि साल बघा. १९४५, १९५९, १९६१, १९८२, १९८६, २००० आणि २०१६ ही मूटाँची नावाजलेली सालं. चित्रं जमवायची असतील तर उलटं गणित: १९६९ चं मिरोचं लेबल आणि १९७३ चं पिकासोचं लेबल देखणं आहे, पण आतली वाइन त्या त्या सालच्या खराब हवामानामुळे हलकीच होती आणि आता तर तिच्यात प्यायला फारसं काही उरलेलं नाही. अशा सालांत बाटलीतली पातळी खाली गेलेली असली तरी चालते, आणि तशी बाटली स्वस्त पडते. फक्त ती पातळी गळतीमुळे उतरलेली नसावी, कारण गळती म्हणजे लेबलावर डाग.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी तिसरा पर्याय आधी विचारात घ्यावा, म्हणजे रिकाम्या बाटल्या आणि सुटी लेबलं. इथे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायलाही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, जवळ किती ठेवायची यालाही मर्यादा आहे, आणि विक्रीचा परवाना नसताना आपली बाटली दुसऱ्याला विकणं बेकायदा आहे. परदेशातून येणाऱ्या वाइनवर २०२१ च्या अर्थसंकल्पात ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर १०० टक्के कृषी उपकर अशी रचना झाली. दर बदलत असतात, तेव्हा मागवण्याआधी ताजा दर बघा. प्रवासी म्हणून येताना माणशी दोन लिटरपर्यंत शुल्कमाफी मिळते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. कागदाच्या लेबलाला यातलं काहीच लागू होत नाही.

लंडनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना सोपा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये 'इन बाँड' गोदामात वाइन ठेवली की बाहेर काढेपर्यंत शुल्क आणि व्हॅट भरावा लागत नाही, आणि तिथेच विकली तर तो आपल्याला भरावाच लागत नाही. विल्टशरमधल्या कॉर्शम इथे जुन्या दगडखाणीत अशी मोठी गोदामं आहेत. त्यांना पेटीमागे वार्षिक भाडं द्यावं लागतं. पेटी आत जातानाच प्रत्येक लेबलाचा आणि पातळीचा फोटो मागून घ्या. नंतर वाद झाला तर तोच पुरावा.

मालिका नीट समजून घ्या

नवखा माणूस '१९४५ पासून आजपर्यंत दर सालाला एक' असं धरून संच लावतो आणि फसतो. मालिकेत बरेच अपवाद आहेत.

चित्रकाराकडून लेबल करून घेण्याची पहिली वेळ १९४५ नव्हे. बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी १९२२ मध्ये मळ्याचा कारभार हाती घेतला आणि सगळी वाइन मळ्यावरच बाटल्यांत भरायचं ठरवलं. त्याआधी ती पिंपांतून व्यापाऱ्यांकडे जायची आणि तेच भरायचे. या बदलाची खूण म्हणून १९२४ च्या सालासाठी ज्याँ कार्ल्यू या जाहिरातचित्रकाराकडून लेबल करून घेतलं. पुढे हा प्रकार थांबला. महायुद्ध संपल्यावर १९४५ साठी फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराने विजयाचा 'व्ही' काढला, तेव्हापासून खंड नाही.

पण सलग असली तरी मालिका एकसारखी नाही. १९५३ ला मळा घेतल्याची शंभरी म्हणून नथॅनिएल द रॉथशिल्ड यांचं स्मरण आहे, आणि २००३ ला दीडशे वर्षं झाल्यावर पुन्हा तेच. १९७७ च्या लेबलावर चित्रकार नाही. इंग्लंडच्या राजमातेच्या मुक्कामाची नोंद आहे. १९७८ ला ज्याँ-पॉल रिओपेल यांनी दोन चित्रं दिली आणि दोन्ही वापरली गेली, म्हणजे त्या सालच्या दोन बाटल्या लागतात. १९९३ ला बाल्थ्यूस यांनी काढलेल्या नग्न मुलीच्या रेखाटनावर अमेरिकेत आक्षेप निघाला, आणि अमेरिकेसाठी चित्राची जागा कोरी सोडलेलं लेबल आलं. तेही संग्राहक जमवतात, तेव्हा १९९३ च्याही दोन. २००० ला तर कागदी लेबलच नाही: मळ्याच्या संग्रहालयात ऑग्सबर्ग या जर्मन शहरात घडवलेला मेंढ्याच्या आकाराचा जुना चषक आहे, त्याची सोनेरी नक्षी थेट काचेवर आहे. ती उकलता येत नाही, त्यामुळे नुसती लेबलं जमवणाऱ्यालाही त्या सालाची अख्खी बाटलीच ठेवावी लागते.

१९७३ चं महत्त्व दुहेरी आहे. बोर्दोच्या वाइन मळ्यांच्या १८५५ च्या अधिकृत वर्गवारीत मूटाँ दुसऱ्या श्रेणीत होतं. १९७३ च्या जूनमध्ये ते पहिल्या श्रेणीत गेलं, आणि त्या हुकमावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जॅक शिराक यांची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिकासो वारले होते. लेबलावर त्यांचं १९५९ चं मद्योत्सवाचं चित्र श्रद्धांजली म्हणून आलं. वाइन सुमार, लेबल मात्र ऐतिहासिक. बॅरन फिलिप १९८८ च्या जानेवारीत गेले, म्हणून १९८७ च्या लेबलावर हान्स एर्नी यांनी काढलेली त्यांचीच छबी आहे. २०१४ चं हॉकनीचं लेबल बॅरन फिलिप यांच्या मुलीच्या, फिलिपीन यांच्या स्मरणार्थ आहे.

बजेट आखूड असेल तर सगळा संच लावायच्या भानगडीत पडू नका. एक सूत्र धरून आठ-दहा लेबलं घ्या: आशियाई चित्रकार (१९७९ दोमोतो, १९९१ सेत्सुको, १९९६ गू गान, २००८ शू लेई, २०१३ ली उफान, २०१८ शू बिंग, २०२१ शिओता), किंवा शिल्पकार (१९६४ मूर, १९६७ सेझार, २००५ पेनोने, २००९ कपूर). असा छोटा संग्रह अर्धवट मोठ्या संचापेक्षा कितीतरी बोलका दिसतो.

खरेदी

नवी वाइन 'आँ प्रिमर' पद्धतीने विकली जाते. पीक काढल्यानंतरच्या वसंतात पिंपातल्या नमुन्यांची चव घेतली जाते, भाव जाहीर होतात, पैसे भरायचे आणि बाटली साधारण दोन वर्षांनी हातात येते. चित्रकाराचं नाव मात्र बाटल्या बाहेर पडायच्या सुमारास कळतं. २०२० चं पीटर डॉइग यांचं लेबल २०२२ च्या अखेरीस जाहीर झालं. म्हणजे आगाऊ घेणारा माणूस चित्र न बघताच पैसे मोजतो. केवळ लेबलासाठी जमवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. चित्र बघा, आवडलं तर घ्या.

जुन्या सालांसाठी लिलावगृहं. तिथल्या यादीतल्या वर्णनाकडे भावाइतकंच लक्ष द्यायचं. लेबल 'तळघरात मळलेलं', 'कडेला टवका गेलेलं', 'फाटलेलं', 'डागाळलेलं' असे शेरे असतात. मळकं लेबल खुशाल घ्या, उलट जुन्या बाटलीला ते शोभतं. वाइनचा ओघळ चित्रावर असेल तर सोडा, तो निघत नाही. आणि पन्नास वर्षांच्या बाटलीवर करकरीत पांढरं लेबल दिसलं तर खूश होण्याऐवजी सावध व्हा. लिलावाच्या बोलीवर खरेदीदाराचा अधिभार लागतो. तो धरूनच बोली लावा.

पातळी बघायची रीत: बोर्दोच्या बाटलीला खांदा असतो. पंधरा वर्षांपर्यंतच्या बाटलीत वाइन मानेत हवी. तीस-चाळीस वर्षांनी ती मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला आली तर ते वयाला साजेसं आहे. खांद्याच्या मध्यावर आली तर वाइन बहुधा गेली. खांद्याखाली असेल तर ती फक्त लेबलाची बाटली समजा आणि तेवढेच पैसे द्या.

खरं-खोटं

जुन्या मूटाँची नक्कल हा मोठा धंदा आहे. रूडी कुर्नियावान या माणसाच्या कॅलिफोर्नियातल्या घरात २०१२ मध्ये छापलेल्या लेबलांचा ढीगच सापडला. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याची पद्धत साधी होती: खऱ्या जुन्या बाटल्या, त्यात दुसऱ्या वाइनचं मिश्रण, आणि घरी छापलेला कागद.

घरी करता येण्यासारख्या तीन चाचण्या आहेत. पहिली, दहापट भिंग. खऱ्या छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात. इंकजेटवर केलेल्या नकलेत बारीक अक्षरांच्या कडेने रंगीत ठिपके फुटलेले दिसतात. लेझर प्रिंटरची शाई कागदावर चढलेली आणि चकचकीत दिसते. दुसरी, अतिनील टॉर्च, अंधाऱ्या खोलीत. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं १९५० च्या दशकाआधीच्या कागदात सहसा नसत. १९४५ किंवा १९४७ चं लेबल टॉर्चखाली निळसर लखलखलं तर ते नंतर छापलेलं आहे. उलटं मात्र खरं नाही: लखलखलं नाही म्हणजे अस्सल, असं धरू नका, जुना कोरा कागदही मिळतो. तिसरी चाचणी बुचाची. बुचावर शॅटोचं नाव आणि साल छापलेलं असतं. कॅप्सूलची, म्हणजे बुचावरून मानेवर चढवलेल्या पत्र्याच्या टोपीची, कड टॉर्चच्या उजेडात बघितली तर पुष्कळदा काचेतून साल वाचता येतं.

याच कारणाने रिकाम्या बाटल्या विकणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. १९८२ ची रिकामी बाटली, बूच आणि कॅप्सूलसकट, नकलाकाराला सोन्यासारखी. विकायची किंवा द्यायची झाली तर बूच आपल्याकडे ठेवा आणि काचेच्या बुडाशी हिरकणी-टोकाने एक ओरखडा काढा. शोभा जात नाही, पुन्हा भरणाऱ्याचं काम मात्र अडतं.

भरलेली बाटली आपल्या हवेत

मुंबई-गोव्याचा पावसाळा आणि नागपूरचा मे महिना, दोन्हीपुढे कपाट कामाचं नाही. कंप्रेसरवाला वाइन कॅबिनेट घ्या, तापमान १२ ते १४ अंश, आर्द्रता ६० ते ७०. घरातला फ्रिज चालत नाही: तो चार-पाच अंशांवर असतो, आत हवा फार कोरडी आणि सततची थरथर. कॅबिनेटला स्टॅबिलायझर लावा. वीज दिवसभर गेली तरी दार उघडू नका; भरलेल्या बाटल्या स्वतःच गारवा धरून ठेवतात. पंचवीस अंशांच्या वर काही आठवडे गेले की वाइन फुगते, बूच वर सरकतं, गळती सुरू होते, आणि त्यात पहिला बळी लेबलाचा जातो.

बाटली आडवी, लेबल वरच्या बाजूला. ओळखायला हात लावावा लागत नाही आणि ओघळ आलाच तर खालून जातो. लेबलावर खाण्याच्या वस्तूंना गुंडाळतात ती पातळ क्लिंग फिल्म दोन वेढे घट्ट लावा. पण बाटली कोरड्या दिवशी, खोलीच्या तापमानाला आलेली असतानाच गुंडाळायची. गार बाटली बाहेर काढून लगेच गुंडाळली तर तिच्यावर सुटलेला घाम आत कोंडतो आणि महिन्याभरात काळे ठिपके दिसतात. पातळ टिश्यू कागद आपल्याकडे वापरू नये. सादळला की लेबलाला चिकटतो आणि सोडवताना शाई घेऊन निघतो.

लेबल काढणं

हे काम नाशिकच्या स्वस्त बाटल्यांवर आधी शिकून घ्या. ग्रोव्हर झांपाच्या आर्ट कलेक्शन मालिकेत भारतीय चित्रकारांची चित्रं लेबलांवर आहेत, तेव्हा सराव होता होता संग्रहालाही सुरुवात होते. निदान दहा लेबलं अखंड निघाल्याशिवाय महागड्या बाटलीला हात लावू नका.

काम सुरू करण्याआधी लेबलाचा सपाट उजेडात फोटो घ्या. मग शाईची परीक्षा: ओला कापूस कडेच्या अक्षरावर दहा सेकंद टेकवा. कापसाला रंग लागला तर पाण्याची पद्धत बंद, बाटली आहे तशीच ठेवा. रंग लागला नाही तर गोंद कोणता ते बघा. कोपऱ्यावर थेंबभर कोमट पाणी दहा मिनिटं ठेवलं आणि कागद फुगून सैल झाला, तर गोंद पाण्यात विरघळणारा आहे. काहीच झालं नाही तर स्टिकरचा चिकट गोंद.

पाण्यात विरघळणाऱ्या गोंदासाठी:

१. रिकामी बाटली कोमट पाण्याने भरा, म्हणजे ती तरंगणार नाही. बादलीत ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात पूर्ण बुडवून उभी करा. मचूळ बोअरचं पाणी नको, फिल्टरचं घ्या. क्षारांचे पांढरे डाग पडतात.

२. अर्ध्या तासाने अंगठ्याने हलकेच सरकवून बघा. नाही सरकलं तर पाणी बदला आणि आणखी तासभर थांबा. काही लेबलांना रात्रभर लागते. धुण्याचा सोडा घातला की काम पटकन होतं, पण सोनेरी छपाई काळवंडते, म्हणून मूटाँसाठी तो नकोच.

३. ओढू नका. ओला कागद स्वतःच्या वजनानेही फाटतो. पाण्यातच त्याच्याखाली प्लॅस्टिकचा पातळ पत्रा सरकवा आणि पत्र्यासकट वर घ्या.

४. पाठीमागचा बुळबुळीत गोंद मऊ ब्रशने स्वच्छ पाण्यात धुवा. इथे आळस केला तर लेबल वाळताना टिपकागदाला कायमचं चिकटतं. सर्वांत जास्त लेबलं याच पायरीवर जातात.

५. खाली टिपकागद, त्यावर बेकिंगचा सिलिकॉन कागद, लेबल, पुन्हा सिलिकॉन कागद, टिपकागद, वर सपाट फळी आणि तीन-चार किलोचं वजन. पहिला टिपकागद दोन तासांनी बदला, मग रोज एकदा. तीन दिवसांनी काढा, पावसाळ्यात पाच. घाई केली तर कडा वळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

स्टिकरच्या गोंदाला पाणी नको, उष्णता हवी. बाटली आधी कोमट पाण्याने गरम करून घ्या, नाहीतर काच तडकते. मग आत ७० अंशांच्या आसपासचं पाणी भरा आणि पाच-सात मिनिटं थांबा. कोपरा पातळ ब्लेडने उचला आणि लेबल काचेला अगदी लगटून, आडवं, हळूहळू मागे ओढा. वर उचलून ओढलं की सुरकुती पडते. अडलं तर पाणी बदला, जोर लावू नका. निघालेलं लेबल सिलिकॉन फिल्मवर चिकटवा, साध्या कागदावर नको.

बाजारात लेबल उचलायची पारदर्शक चिकटपट्टी मिळते. ती कागदाचा फक्त वरचा थर सोलून आणते. जेवणाची आठवण म्हणून वहीत लावायला ठीक, पण संग्रहाच्या दृष्टीने त्या लेबलाची किंमत शून्य होते.

लेबलं ठेवणं

लॅमिनेशन कधीही नको. फोटो अल्बमचे मऊ पीव्हीसी कप्पेही नकोत, ते शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लरहित कागद वापरा. चिकटवायचंच असेल तर जपानी कागदाची छोटी बिजागरी आणि गव्हाच्या पिठीची खळ, एवढंच. पण खळीला कसर लागते, म्हणून ती तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या.

पाकिटं हवाबंद डब्यात, सोबत छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ मध्ये राहायला हवा. वीस लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल पुरते. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या; हिरवे झाले की ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास तापवून, पूर्ण गार करून परत ठेवा. कोकणात जून ते सप्टेंबर हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागतं. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ती पावसाळ्यात आतून ओल धरते.

प्रत्येक लेबलामागे एक नोंद: साल, चित्रकार, बाटलीचा आकार, कुठून आली, कधी काढली, पावतीची प्रत. नोंद वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात सरकवा. लेबलाच्या पाठीवर पेननेच काय, पेन्सिलनेही लिहू नका, दाब पुढून उमटतो.

भिंतीवर लावायची हौस असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्याची छपाई फ्रेममध्ये घाला. मूळ कागद उजेडात ठेवला की आधी लाल उडतो, मग पिवळा, आणि हे रोज बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.